प्रस्तावना : लिंबाच्या मुलखातले अँटिऑक्सिडंट

श्रीगोंदा तालुक्यात काष्टीला शनिवारी जनावरांचा बाजार भरतो. दौंड-नगर रस्त्यावरच्या या गावात त्या दिवशी लांबलांबचे शेतकरी आणि व्यापारी गायी, म्हशी, बैल, शेळ्या घेऊन उतरतात. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक जनावराला एक गोष्ट जमते, ती त्याचे दावे धरणाऱ्या माणसाला जमत नाही. जनावराचे यकृत ग्लुकोजपासून क जीवनसत्त्व स्वतः तयार करते. माणसाच्या पूर्वजांमध्ये या कामातले शेवटचे विकर काही कोटी वर्षांपूर्वी निकामी झाले. तेव्हापासून माकडे, वानरे आणि आपण या बाबतीत परावलंबी आहोत. गिनीपिग आणि काही वटवाघळे यांचीही हीच गत. गाय कडब्यावर राहिली तरी तिची क जीवनसत्त्वाची गरज भागते. आपल्याला मात्र ते रोज खाण्यातूनच मिळवावे लागते.

पुढच्या पानांचा विषय इथून सुरू होतो. अँटिऑक्सिडंट हा शब्द गेल्या वीस-पंचवीस वर्षांत प्रयोगशाळेतून निघून चहाच्या पुड्यांवर, चेहऱ्याच्या मलमांवर आणि औषधाच्या दुकानातल्या रंगीत डब्यांवर जाऊन बसला. तालुक्याच्या गावीही आता महिन्याला हजार-दोन हजार रुपयांची भुकटी ‘ताकदीसाठी’ विकली जाते. घेणारा अनेकदा असा शेतकरी असतो, ज्याच्या बांधावर लिंबाची झाडे आहेत आणि चाळीत कांदा आहे. पिकते तिथे विकत नाही म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. लिंबाच्या बागांसाठी राज्यभर ओळखल्या जाणाऱ्या तालुक्यात अँटिऑक्सिडंट विकत आणावे लागते असे लोकांना वाटावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आधी मूळ गोष्ट. चिरलेले वांगे उघडे राहिले की काळे पडते, म्हणून ते मिठाच्या पाण्यात टाकतात. बाजरीचे पीठ आठवड्याच्या आत कडवट होते. सुके खोबरे खवट होते, जुने शेंगदाणे घशाला लागतात. या सगळ्यांत हवेतल्या ऑक्सिजनचा हात आहे. जो ऑक्सिजन आपण श्वासावाटे घेतो आणि ज्याच्यावर पेशीतली ऊर्जा तयार होते, तोच ऑक्सिजन स्निग्ध पदार्थांवर, प्रथिनांवर आणि पेशीच्या केंद्रातल्या डीएनएवरही काम करतो. ऊर्जा तयार होताना काही रेणू एक इलेक्ट्रॉन कमी पडलेल्या अवस्थेत बाहेर पडतात. त्यांना मुक्त मूलक किंवा फ्री रॅडिकल म्हणतात. असा रेणू शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो, मग तो शेजारी पुढच्याचा ओढतो आणि साखळी सुरू होते. स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊनही स्थिर राहू शकणारा रेणू मध्ये आला की ही साखळी तुटते. तो रेणू म्हणजे अँटिऑक्सिडंट. लिंबातले क जीवनसत्त्व, करडईच्या तेलातले ई जीवनसत्त्व, कांद्यातले क्वेर्सेटिन, डाळिंबाच्या दाण्यांचा लाल रंग, ही सारी या कुळातली.

इथे वाचकाने एक गोष्ट पक्की धरावी. शरीर या बाबतीत ताटावरच अवलंबून नाही. 1969 साली अमेरिकेत मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड डिसम्युटेज या विकराचे काम दाखवून दिले. मुक्त मूलक निकामी करणारी यंत्रणा आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत अहोरात्र चालू असते, हे त्यानंतर स्पष्ट होत गेले. कॅटालेज आणि ग्लुटाथायोन ही त्या यंत्रणेतली आणखी दोन नावे. तिला जस्त, तांबे, मँगनीज, सेलेनियम लागते, प्रथिने लागतात. म्हणजे डाळ, अंडी, शेंगदाणे, तीळ यांचाही या विषयाशी तेवढाच संबंध आहे, जेवढा फळांचा. जाहिरातीत हा भाग कधी येत नाही.

जनावरे पाळणाऱ्याला हे सांगायला फार शब्द लागू नयेत. गाय व्याली आणि वार वेळेत पडली नाही, तर त्याच्या अनेक कारणांपैकी एक कारण ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमची कमतरता हे असू शकते, असे पशुवैद्यक सांगतात. हिरव्या चाऱ्यात ई जीवनसत्त्व भरपूर असते. उन्हात वाळलेल्या कडब्यात त्यातले फारच थोडे उरते. हिरवा चारा मिळालेल्या गायीच्या दुधाला आणि तुपाला जो पिवळेपणा येतो, तो चाऱ्यातल्या बीटा-कॅरोटीनचा असतो. म्हैस तेच कॅरोटीन जवळजवळ सगळे अ जीवनसत्त्वात बदलते, म्हणून तिचे दूध पांढरे. ज्याला गाभण गायीच्या वैरणीत हिरवे-वाळले किती असावे याचा हिशेब येतो, त्याने तो हिशेब घरातल्या गरोदर सुनेच्या ताटालाही लावावा.

आता इतिहास, आणि तो लिंबाचाच आहे. 1747 साली जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातल्या शल्यवैद्याने सॅलिसबरी जहाजावर स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार, झालेले बारा खलाशी निवडले, दोघादोघांच्या जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. रोज दोन संत्री आणि एक मोठे लिंबू मिळालेली जोडी सहा दिवसांत उभी राहिली. नौदलाने जहाजांवर लिंबाचा रस द्यायला मात्र 1795 साल उजाडले. स्कर्व्ही जवळपास नाहीशी झाली. पुढे 1860 च्या दशकात नौदलाने भूमध्य समुद्राकडचे मोठे पिवळे लिंबू सोडून वेस्ट इंडीजमधले छोटे हिरवे लिंबू घ्यायला सुरुवात केली. ते वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने आपले कागदी लिंबूच. 1875 साली ध्रुवाकडे निघालेल्या नेअर्सच्या मोहिमेत हा रस सोबत होता, तरी स्कर्व्हीने माणसे आडवी झाली. लिंबाचा काही उपयोग नसतो, असे डॉक्टरच म्हणू लागले.

कारण पुढे उलगडले. 1918 च्या सुमारास लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी दोन्ही रस तपासले. छोट्या लिंबात क जीवनसत्त्व मुळात कमी. शिवाय तो रस काढल्यावर उघडा राहायचा, तांब्याच्या नळ्यांतून जायचा आणि महिनोन्महिने साठवून ठेवलेला असायचा. हवा आणि तांबे दोन्ही क जीवनसत्त्वाचे वैरी. त्या रसात आंबटपणा शिल्लक होता, गुण निघून गेला होता. माझ्या मते आपल्या स्वयंपाकघराला यापेक्षा उपयोगी गोष्ट या विषयाच्या सगळ्या इतिहासात नाही. आमटी चुलीवर उकळत असताना लिंबू पिळले तर आंबटपणा येतो आणि बाकीचे बरेच जाते. आमटी उतरवून, वाटीत वाढून, वरून पिळावे. सकाळी रस काढून दुपारपर्यंत बाटलीत ठेवू नये.

लिंबाबद्दल एक खरे बोलले पाहिजे, आणि ते या तालुक्यातच बोलले पाहिजे. एका मध्यम कागदी लिंबाच्या रसातून दहा मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व मिळते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2020 च्या शिफारशीनुसार पुरुषाला रोज 80 आणि स्त्रीला 65 मिलिग्रॅम हवे. एकट्या लिंबावर हे भागत नाही. शंभर ग्रॅम पेरूत मात्र दोनशे मिलिग्रॅमहून जास्त असते. राहात्याचे पेरू याच जिल्ह्यातले, पण पोराला पेरू दिला की सर्दी होईल म्हणून आपण तो हातातून काढून घेतो. आवळा याहून वरचढ. शेवग्याचा पाला आणि हिरवी मिरची शंभर ग्रॅमला शंभर मिलिग्रॅमच्या आगेमागे. क जीवनसत्त्व ओळखून वेगळे काढणारा हंगेरीचा शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी याला ते मोठ्या प्रमाणावर मिळाले, ते सेगेड गावाजवळ पिकणाऱ्या मिरच्यांतून. 1937 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. ठेच्याकडे गरिबाचे तोंडीलावणे म्हणून पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. तो तव्यावर जाळून काळा केला तर गुण कमी होतो, आणि पोटात आग पडेल इतका खायचा पदार्थ तो नाही, हेही खरे.

आता ज्या गोष्टीमुळे ही प्रस्तावना लांबली, तिच्याकडे वळतो. 1956 साली डेनम हार्मन यांनी मांडले की म्हातारपण म्हणजे मुक्त मूलकांनी वर्षानुवर्षे केलेल्या नुकसानीची बेरीज. कल्पना सोपी आणि मोहात पाडणारी होती. लायनस पॉलिंगसारख्या दोनदा नोबेल मिळवलेल्या माणसाने 1970 साली सर्दीवर क जीवनसत्त्वाचे मोठे डोस घ्या म्हणून पुस्तक लिहिले. फळे-भाज्या जास्त खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असे अनेक पाहण्यांत दिसत होते. मग भाजीतले बीटा-कॅरोटीन गोळीत भरून दिले तर काम सोपे होईल, असे सर्वांनाच वाटले.

फिनलंडमध्ये पन्नास ते एकोणसत्तर वयाच्या 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर ही गोष्ट तपासली गेली. काहींना रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, काहींना ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, काहींना नुसती खोटी गोळी. पाच ते आठ वर्षे हे चालले. 1994 साली निकाल आला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेत अठरा हजारांवर लोकांचा असाच दुसरा प्रयोग चालू होता. तिथे वाढ 28 टक्के दिसली आणि 1996 च्या जानेवारीत तो मुदतीआधी थांबवावा लागला. 2011 साली पस्तीस हजार पुरुषांच्या आणखी एका अभ्यासात नुसते ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग 17 टक्क्यांनी वाढलेला आढळला.

हे आकडे मी मुद्दाम पूर्ण दिले. आपल्याकडे बिडी ओढणारे, तंबाखू मळणारे, मशेरी लावणारे कमी नाहीत. ‘तंबाखू खातो, पण वर एक गोळी घेतो, तेवढे चालते’ हा समज जीवघेणा आहे. फिनलंडमध्ये ज्यांचे नुकसान झाले, ते नेमके तंबाखूवाले होते.

गोळी सगळीकडेच निरुपयोगी ठरली असे नाही. उतारवयात डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग झिजतो, त्या आजाराच्या मधल्या टप्प्यावर असलेल्या रुग्णांना ठरावीक जीवनसत्त्वे आणि जस्ताचा फायदा होतो, हे 2001 सालच्या मोठ्या अमेरिकी चाचणीत दिसले. पुढे त्या मिश्रणातून बीटा-कॅरोटीन काढून टाकले गेले, कारण पुन्हा तोच धूम्रपान करणाऱ्यांचा धोका. ज्याला डॉक्टरांनी निदान करून गोळी दिली आहे, त्याने ती सोडू नये. माझा आक्षेप निदानाशिवाय, जाहिरात वाचून, धडधाकट माणसाने वर्षभर घेतलेल्या डब्याला आहे.

भाजीत जे चालते ते गोळीत का चालत नाही? पहिली गोष्ट मात्रेची. गोळीत एकच पदार्थ, ताटात कधी येणार नाही इतका. दुसरी, भाजीत ते एकटे नसते. तंतू, पाणी, खनिजे आणि शेकडो इतर संयुगे सोबत असतात आणि त्यांतले काम कोणाचे, हे वेगळे काढता येत नाही. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मुक्त मूलक हे निव्वळ शत्रू नाहीत. पांढऱ्या पेशी जंतू मारताना तेच वापरतात. स्नायू कष्ट करतात तेव्हा तयार होणारे मूलक शरीराला ‘आता तयारी वाढव’ असा निरोप देतात. 2009 साली जर्मनीत झालेल्या प्रयोगात व्यायामाबरोबर क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या घेणाऱ्या तरुणांना व्यायामाचा इन्सुलिनविषयक फायदाच मिळाला नाही. तालमीत घाम गाळून वर डबे रिकामे करणाऱ्या पोरांनी हे वाचावे.

म्हणून हा विषय ताटावरच समजून घेतला पाहिजे. ज्वारीची भाकरी घ्या. ज्वारीतले फिनॉलिक अँटिऑक्सिडंट बहुतांश कोंड्यात असतात. गडद रंगाच्या जातींत ते जास्त, आपल्या पांढऱ्याशुभ्र मालदांडीत कमी. तरी पीठ बारीक चाळून कोंडा टाकला तर आहे तेही जाते. बाजरी थोडी थोडी दळावी, कारण तिचे पीठ कडू होते तेव्हा त्यातला स्निग्धांश बिघडलेला असतो.

कांदा बुक्कीने फोडून भाकरीबरोबर खाण्याची रीत उत्तम. लाल कांद्यात क्वेर्सेटिन भरपूर, पांढऱ्यात नावापुरते. ते कांद्याच्या बाहेरच्या मांसल पाकळ्यांत सर्वाधिक असते, म्हणून सोलताना वाळले फोलपट तेवढे काढावे, त्याबरोबर दोन-दोन ओल्या पाकळ्या फेकू नयेत. चाळीत चार-पाच महिने राहिलेल्या कांद्यातही ते फारसे घटत नाही. शिजवल्यावर त्यातले काही पाण्यात उतरते, पण ते पाणी रस्सा म्हणून पोटात जाणार असेल तर तोटा नाही.

कच्चे तेच चांगले, हाही एकांगी समज. टोमॅटोचा लाल रंग देणारे लायकोपिन तेलात शिजल्यावर शरीराला अधिक मिळते. मेथी, शेपू, चाकवत, तांदुळजा यांतल्या कॅरोटीनलाही चमचाभर तेलाची फोडणी लागते. मात्र तेल ताजे हवे. भज्यांच्या कढईत दिवसभर उकळून काळे झालेले, सकाळी त्यातच नवे ओतलेले तेल म्हणजे ऑक्सिडीकरणाची आपण विकत घेतलेली फळे. अशा तेलातल्या बिघडलेल्या ध्रुवीय संयुगांचे प्रमाण 25 टक्क्यांवर गेले की ते वापरू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम 2018 च्या जुलैपासून लागू आहे. घरच्या कढईत हे मोजता येत नाही. तेल गडद झाले, फेसाळले, लवकर धुरावले की टाकून द्यावे. आरोग्यासाठी एकच बदल करायचा असेल, तर मी महागडे फळ आणण्याआधी हा बदल करायला सांगेन.

डाळिंबाबद्दल भाव बघून दावे वाढतात. फळ चांगलेच आहे. पण त्याच्या रसाने हृदयरोग, कर्करोग टळतो असे सांगणाऱ्या एका अमेरिकी कंपनीच्या जाहिराती तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने 2013 साली दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या. आपल्याकडेही पूरक आहाराच्या डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापणे बंधनकारक आहे. डबा हातात घ्याल तेव्हा पुढची चित्रे सोडा आणि मागची ती ओळ वाचा.

राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली दिलेल्या आहार-मार्गदर्शनात दिवसाला 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळे सांगितली आहेत. मजुरीवर जगणाऱ्या घराला हे अवघड आहे, ते मान्य करूनच पुढची प्रकरणे वाचावीत. कॅनॉलच्या पाण्याने तालुक्यात ऊस आला, पैसा आला. बांधावरची तूर, अंबाडी, शेवगा, घोळ मात्र कमी झाली. परसात एक शेवगा, एक लिंबू, एक पेरू आणि कढीपत्ता एवढे ज्याला शक्य आहे त्याने लावावे.

आणि शेवटची विनंती घरातल्या बायकांसाठी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. भाकरीत, डाळीत, पालेभाजीत लोह आहे, पण ते फारसे अंगी लागत नाही. क जीवनसत्त्व त्या लोहाचे रूप बदलून ते शोषायला मदत करते. त्याच जेवणाबरोबर घेतलेले लिंबू, हिरवी मिरची, पेरूची फोड इथे खरे काम करते. जेवणावर लगेच घेतलेला चहा उलटे काम करतो. गंमत नाही, वस्तुस्थिती आहे: चहातले अँटिऑक्सिडंटच लोहाला धरून ठेवतात. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि लोहाची गोळी दिली तर ती चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या.